सपाट पाच चमचे

सकाळी साडेनऊच्या राउंडला मोठे डॉक्टर सात नंबरच्या बेडपाशी थांबले. पांघरूण बाजूला करून त्यांनी रुग्णाच्या पोटावर एक बोट आडवे ठेवले आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर दोन टिचक्या मारल्या. पोट रिकाम्या डब्यासारखे वाजले.

"काल जुलाब किती वेळा?" त्यांनी विचारले.

"आठ वेळा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि आज पहाटेपासून तीन. सगळं पाण्यासारखं. कळा येताहेत, पाय पोटाशी घेऊन पडलाय बिचारा."

डॉक्टरांनी मान वर करून बेडच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे पाहिले. ही हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ. वॉर्डात तिला सगळे ग्रॅमबाई म्हणत. आधी पाठीमागे, आणि तिने एकदा ऐकून हसण्यावारी नेल्यापासून तोंडावरसुद्धा. 'थोडंसं', 'बेताचं', 'मूठभर' असले शब्द तिच्यापुढे चालत नसत. मूठ कोणाची, असे ती विचारी.

"काय मॅडम, झालं समाधान?" डॉक्टर म्हणाले. "मी सांगत होतो, स्वादुपिंड सुजलंय, त्याला पडून राहू द्या. आग लागलेल्या घरात कोणी लाकडं टाकतं का?"

"सर, नळी घातल्यावर पहिले तीन दिवस सगळं नीट पचत होतं. परवा दुपारनंतरच..."

"पहिले तीन दिवस नशीब होतं. नळीतून देणं आत्तापासून बंद. चार वाजता ऑपरेशनं संपवून येतो, नळी काढतो आणि मानेच्या शिरेत लाइन टाकतो. जे काय द्यायचं ते रक्तातून देऊ."

आठ या आकड्यापुढे ठेवायला ग्रॅमबाईकडे दुसरा आकडा नव्हता.

सात नंबरचा माणूस घड्याळे दुरुस्त करायचा. वय चाळीस, वजन छप्पन्न किलो, तेही आठ दिवसांपूर्वीचे. पित्ताचा एक खडा, मुगाच्या दाण्याएवढा, घसरत जाऊन नेमका अडकू नये तिथे अडकला आणि त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली. जो रस अन्न पचवायचा तो त्या अवयवालाच पचवू लागला. पहिले तीन दिवस त्याला सलाईन आणि वेदनाशामके, बाकी काही नाही. पाण्याचा घोट घेतला तरी उलटून पडे. अशा माणसाला तोंडाने खायला घालता येत नाही हे सगळ्यांना मान्य होते. पुढे काय करायचे, तिथे दोन मते होती.

मोठ्या डॉक्टरांचे शिक्षण ज्या काळात झाले त्या काळात अशा रुग्णाला उपाशी ठेवणे हाच उपचार होता. त्या उपचाराने बरे झालेले लोक त्यांना रस्त्यात भेटत, नमस्कार करत. न भेटणारे अर्थातच भेटत नसत. ग्रॅमबाईचे म्हणणे वेगळे होते. उपाशी स्वादुपिंडाला आराम मिळतो की नाही ते बाजूला ठेवा, उपाशी आतड्याचे काय? आतडे रिकामे राहिले की त्याचे अस्तर विरत जाते, आणि अस्तर विरले की आतले जंतू भिंत ओलांडून रक्तात उतरतात, तिथून सुजलेल्या, मेलेल्या पेशींपर्यंत पोचतात. म्हणून नाकातून एक बारीक नळी घालायची, जठर ओलांडून लहान आतड्यापर्यंत न्यायची आणि थेंब थेंब अन्न द्यायचे. आतड्याला काम हवे. बसून राहिलेला माणूस आणि बसून राहिलेले आतडे, दोन्ही बिघडतात.

हे ती चार वर्षे सांगत होती. मागच्या वर्षी चार नंबरच्या बेडवरच्या शिक्षिकेला असेच शिरेतून अन्न दिले होते. लाइनमधून जंतू शिरले आणि बाविसाव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून डॉक्टरांनी वाद घालणे थोडे कमी केले होते. घड्याळवाल्याच्या वेळी ते म्हणाले, "ठीक आहे, घाला तुमची नळी." या वॉर्डात अशा आजारात नळीतून अन्न मिळालेला तो पहिलाच रुग्ण होता. आणि आज चार वाजता ती नळी बाहेर निघणार होती.

राउंड पुढे सरकला. मोठ्या सिस्टर जाताजाता तिच्या कानाशी म्हणाल्या, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अजून दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडत होतं?"

"सगळंच," ग्रॅमबाई म्हणाली.

बेडजवळच्या स्टुलावर घड्याळवाल्याची थोरली बहीण बसली होती. सगळा वॉर्ड तिला ताई म्हणे, कारण तो म्हणे. आई लवकर गेल्यावर हिनेच त्याला वाढवले होते, आणि चाळिशीतल्या, कानशिलाला केस पिकलेल्या भावाला ती अजून छोट्या म्हणत असे. आज ती त्याच्याकडे पाहत नव्हती. हातातला रुमाल उलगडत होती, घडी घालत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात आल्यावर ताईने आधी आजूबाजूला पाहिले.

"काल तुम्ही मला विचारलंत ना, तोंडातून काही दिलं का, खरं सांगा. मी नाही म्हटलं. खोटं बोलले. परवा त्याचे ओठ इतके सुकले होते की सालं निघत होती. मी कापसाच्या बोळ्याने साखरेचं पाणी लावलं. त्याने जीभ फिरवली. फार नाही हो, चार थेंब असतील. त्यानंतरच सुरू झालं सगळं." तिचा आवाज चिरकला. "लहानपणी अंगाखांद्यावर खेळवला आणि आता माझ्याच हाताने..."

"ताई, चार थेंबांनी असं होत नाही."

"मग कशाने होतं?"

"तेच शोधतेय," ग्रॅमबाई म्हणाली, आणि ताईने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

काल दिवसभर ग्रॅमबाईने एकेक गोष्ट तपासली होती. एक्स-रे परत पाहिला. नळीचे टोक जिथे हवे तिथेच होते. औषधांचा कागद पाहिला. पाणी उकळलेले होते. बाटली चार तासांवर लटकत नव्हती, उरलेले फेकले जात होते. मग राहिले कोण? नातेवाईक. म्हणून तिने ताईला, खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसासारखे, उभे करून विचारले होते. ते आठवून तिला आत्ता अवघडल्यासारखे झाले.

ती परत बेडजवळ आली. रिकामी बाटली अजून खांबाला टांगलेली होती, नळीवरचे चाक बंद केलेले.

"बंद झालं ना?" घड्याळवाल्याने डोळे न उघडता विचारले.

"हो."

"बरं झालं. परवापासून थेंब जड झाला होता."

"म्हणजे?"

त्याने डोळे उघडले. खोल गेलेले होते, पण नजर कामातली होती. "आमचा दुसरा उद्योग काय मॅडम इथे? मोजत बसतो. वॉर्डात पंप नाही म्हणून सिस्टर चाकावर थेंब लावतात, मिनिटाला तेरा. तीन दिवस तेरा म्हणजे तेरा, कधी साडेतेरा. परवा दोनची बाटली लागली आणि चाकाला कोणी हात न लावता तेराचे नऊ झाले. सिस्टरनी येऊन चाक उघडलं, परत तेरा केले. पण थेंब तो नव्हता. आधी टपकन पडायचा. आता लोंबायचा, विचार करायचा, मग पडायचा. घड्याळातलं तेल जुनं झालं की असंच होतं. काटा फिरतो, पण ओढत फिरतो."

"परवा दोनची बाटली? नक्की?"

"दोन वाजून दहा मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, ते धरून. कोणीतरी शिडी दिली तर बेडवरून उतरल्यावर पहिलं तेच करणार आहे मी."

"हे कोणाला सांगितलंत का?"

"ताईला म्हटलं. ती म्हणाली, गप पड, थेंबाला कधी वजन असतं का."

ग्रॅमबाई जिना उतरून तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिचे पाय तिच्यापुढे चालत होते. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, काचेच्या पार्टिशनमागे, नळीवरच्या रुग्णांचे मिश्रण तयार होई. स्टीलचे टेबल, उकळलेल्या पाण्याचे झाकलेले भांडे, मापाचा जग, गाळणी, पावडर सपाट करायची बोथट सुरी. तिथे अकरा वर्षे एकच मावशी काम करत होती. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय ती त्या काचेच्या आत पाऊल टाकत नसे, आणि दुसऱ्या कोणाला टाकू देत नसे.

"मावशी, पावडरचा नवा डबा कधी उघडलात?"

"परवा. जेवणाच्या गाड्या वर गेल्यावर. एक-दीड झाला असेल. का हो?"

"आणि चमचा?"

"नव्या डब्यात निघाला तो. दर डब्यात निघतो की."

"जुना चमचा?"

"तो होय? सोड्याच्या बरणीत टाकलाय. चांगला चमचा, फेकून कशाला द्यायचा?"

ग्रॅमबाईने दोन्ही चमचे मागून घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक निळसर, एक पांढरा. वेगवेगळे पाहिले तर कोणालाही सारखेच वाटावेत. शेजारी ठेवल्यावर थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ.

तिने वर पाहिले. भिंतीवर, टेबलाच्या बरोबर समोर, प्लास्टिकच्या कव्हरात एक कागद चिकटवलेला होता. अक्षर तिचेच. 'दोनशे मिली तयार मिश्रणासाठी: सपाट पाच चमचे.' खाली सही, तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि कंसात एक शब्द, अधोरेखित केलेला: तात्पुरते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा बिघडला होता. दुरुस्त होईपर्यंत काम अडू नये म्हणून तिने त्या वेळच्या डब्यातला चमचा उसन्या काट्यावर मोजला, नऊ ग्रॅम भरला, पाच नव्वे पंचेचाळीस, आणि हा कागद लावला. काट्यासाठी एक अर्ज केला, दुसरा केला, तिसरा करायचा राहिला. चमच्यांनी काम नीट चालले होते. मग गेल्या आठवड्यात जुन्या डब्यांचा पुरवठा थांबला आणि नवा डबा तिच्या टेबलावर मंजुरीसाठी आला. तिने दोन्ही डब्यांमागचे आकडे ओळीने ताडून पाहिले होते: शंभर ग्रॅममध्ये ऊर्जा किती, प्रथिने किती, स्निग्धांश किती. जवळजवळ सारखे. तिने सही केली. ती ग्रॅममध्ये विचार करत होती, खाली स्वयंपाकघर चमच्यात काम करत होते, आणि या दोन्हींच्या मधला पूल म्हणजे भिंतीवरचा तो कागद. तो तिला आठवलासुद्धा नाही. काल सगळ्या जगाला तपासताना तिने तो तपासला नव्हता. आपल्याच हातचे कोण तपासतो?

"मॅडम, काय झालं?" मावशीचा हात पदराकडे गेला. "मी सपाटच करते हं. सुरीने. विचारा कोणालाही."

"माहीत आहे मावशी. तुम्ही लिहिल्याप्रमाणेच केलंत."

तरी खात्री हवी होती. अंदाजाने बोलायचे तर ग्रॅमबाई कशाला. तिने सोड्याचा चमचा धुऊन, पुसून, कोरडा केला, थोडी पावडर एका वाटीत घेतली आणि मागच्या इमारतीतल्या लॅबमध्ये गेली. तिथला काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवत असे.

"मॅडम, आम्ही रक्त तपासतो, स्वयंपाक नाही," लॅबवाला म्हणाला, पण काटा तिच्यापुढे सरकवला.

प्रत्येक चमचा तिने दहा वेळा भरला, दहा वेळा सपाट केला, दहा आकडे लिहिले. जुना सरासरी नऊ पूर्णांक एक. नवा चौदा पूर्णांक एक. पाच नव्वे पंचेचाळीस, चौदा पंचे सत्तर. शब्द तोच, चमचे तेच पाच, आणि बाटलीत दीडपटीहून जास्त घट्ट अन्न. जठरात पडले असते तर जठराने ते धरून ठेवून, पातळ करून, हळूहळू पुढे सोडले असते. नळी जठर ओलांडून गेली होती. थेट आतड्यात इतके घट्ट काही पडले की ते सौम्य करायला आतडे अंगातले पाणी ओढून घेते. मग पोट फुगते, कळा येतात, आणि आठ वेळा.

स्वादुपिंडाने अन्न नाकारले नव्हते. आतड्याला भलतेच काही दिले गेले होते. तिने ते दोन आकडे परत वाचले. तिला आधी हायसे वाटले, ते फार तर दोन सेकंद. मग भिंतीवरच्या कागदावरची आपली सही आठवली.

मोठ्या सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत चारच्या लाइनचा ट्रे लावत होत्या. ग्रॅमबाईने दार लोटून घेतले आणि सगळे सांगितले. सिस्टरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"अगं, मग सोपं आहे. सरांना सांग, स्वयंपाकघरात पावडर जास्त पडली. खोटं आहे का?"

"नाही."

"मग? पडलीच ना जास्त? तुझं नाव कशाला घ्यायचं त्यात?"

"आणि मावशी?"

"तिला दोन शब्द बोलतील."

"ती कंत्राटावर आहे. दोन शब्द नाही बोलणार, घरी बसवतील. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"बरं, तुझं ऐकते. तू सांगितलंस, कागद माझा, चूक माझी. पुढे?" सिस्टरांनी आवाज खाली आणला. त्या टोचून बोलत, पण वाईट नव्हत्या. "सर दुधाने तोंड पोळलेले आहेत, ताकही फुंकून पितात. चार वर्षं डोकं फोडलंस तेव्हा कुठे एका माणसाला नळी मिळाली. आता जिने हट्ट धरला तिनेच माप चुकवलं, असं एकदा झालं की पुढच्या माणसाला ते नळीजवळ फिरकू देतील? स्वतःचा नको, त्या पुढच्या माणसाचा विचार कर."

हे ग्रॅमबाईच्या मनात येऊन गेले नव्हते असे नाही. लॅबपासून इथपर्यंतच्या सगळ्या वाटेवर तेच चालले होते. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्त शहाणपणाचे वाटले, आणि म्हणून जास्त भीतीदायक.

"स्वयंपाकघरातली चूक म्हटलं तर ते म्हणतील, स्वयंपाकघर बदला, आणि कागद भिंतीवर तसाच राहील," ती शेवटी म्हणाली. "आणि ताई घरी जाऊन आयुष्यभर साखरेचं पाणी आठवत बसेल."

"कसलं साखरेचं पाणी?"

"काही नाही. ट्रे झाकून ठेवा. अजून फोडू नका काही."

चारला पाच मिनिटे कमी असताना मोठे डॉक्टर आले. डोक्यावरची हिरवी टोपी तशीच होती, मास्क गळ्यात. ग्रॅमबाई वॉर्डच्या दारातच उभी होती. दोन्ही चमचे तिने एका पांढऱ्या कागदावर ठेवले होते आणि प्रत्येकाखाली त्याचे वजन लिहिले होते.

"सर, लाइन टाकायच्या आधी पाच मिनिटं द्या. चूक माझी आहे."

बारा वर्षांत ती त्यांच्याशी अनेकदा भांडली होती, पण तिचा आवाज असा कधी सपाट झाला नव्हता. ते थांबले. तिने कागदापासून सुरुवात केली आणि आठपर्यंत येऊन संपवले. कुठेही 'पण' म्हटले नाही.

डॉक्टरांनी नवा चमचा उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला.

"मिसळलं कोणी?"

"मिसळणारीने लिहिलं होतं ते केलं. लिहिलं मी."

"आणि दोन दिवस तुम्ही काय बघत होतात?"

"नळीचं टोक, औषधं, पाणी, वेग. नातेवाईकांनासुद्धा सोडलं नाही. माझा कागद तेवढा सोडला."

"छान," ते म्हणाले. त्या एका शब्दाने तिचे कान तापले. "लोकांना ग्रॅम शिकवायचे आणि आपण चमच्याने मोजायचं. आणि आता हे ऐकून मी नळी ठेवावी, असं?"

"हो."

डॉक्टर सात नंबरकडे गेले. टिचक्या मारल्या, दाबून पाहिले. पोट सकाळपेक्षा मऊ होते. अकरानंतर एकदाही झाले नव्हते, कळा थांबल्या होत्या.

"बंद केल्यावर मऊ होणारच," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "माझं बरोबर असलं तरी होणार, तुमचं असलं तरी होणार. यातून तुमचं काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," ती म्हणाली. "योग्य मापाने परत दिलं तरच कळेल. आणि नाही सोसलं तर मी स्वतः नळी काढा म्हणेन."

बेडच्या पायथ्याशी लावलेला तक्ता डॉक्टरांनी उचलला. नळीच्या पहिल्या तीन दिवसांच्या रकान्यांत तासाला चाळीस मिली असा आकडा होता आणि तक्रारीच्या जागी तीनही दिवस आडवी रेघ. त्या रेघांवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांना मागच्या वर्षीची शिक्षिका आठवली की नाही, हे ग्रॅमबाईला कळायला मार्ग नव्हता.

"उद्या सकाळी नऊपर्यंत," ते म्हणाले. "वेग निम्मा, तासाला वीस. एक कळ आली, तरी नळी बाहेर. आणि हे सगळं फाइलमध्ये लिहा. आज. सही करून. चौकशी समिती बसेल, तिथे काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"लिहिते."

"आणि तो कागद फाडा."

"फाडला सर."

ते गेले. मोठ्या सिस्टरांनी झाकलेला ट्रे उचलला आणि तिच्याकडे न बघता घेऊन गेल्या.

ताई पडद्यापाशी उभी होती. तिने सगळे ऐकले असावे, पण ऐकणे आणि कळणे यात अंतर असते, म्हणून ग्रॅमबाईने तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितले, साध्या शब्दांत, दोन्ही चमचे तिच्या हातात देऊन.

"म्हणजे साखरेचं पाणी?" ताईने विचारले.

"त्याचा काही संबंध नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

ताईचा चेहरा सैल पडेल असे तिला वाटले होते. तसे झाले नाही.

"दोन दिवस," ताई म्हणाली. "दोन दिवस माझ्या तोंडात घास गेला नाही. हा कळवळला की मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहायचे. आणि काल तुम्ही मला काय म्हणालात? खरं सांगा, म्हणालात. जसं काही मी चोरून..." तिने चमचे तिच्या हातात परत कोंबले. "चूक होते हो, माणसाच्या हातून होते. पण आधी माझ्यावर बोट ठेवलंत तुम्ही."

"ठेवलं," ग्रॅमबाई म्हणाली. "चुकलं माझं. तेही."

"ताई, सोड आता," घड्याळवाला बेडवरून म्हणाला.

"तू गप रे छोट्या!"

"गपच आहे. एवढंच म्हणतो, वीस वर्षं दुकान चालवलं. एक गिऱ्हाईक म्हणालं नाही की घड्याळ माझ्या हातून पडलं. सगळ्यांची आपोआप बंद पडतात."

"फार शहाणा आहेस. त्या घड्याळांना बहीण नव्हती," ताई म्हणाली, आणि तोंड फिरवून स्टुलावर बसली. ती रडत होती की नाही ते ग्रॅमबाईने पाहिले नाही. पाहायचा आपल्याला हक्क नाही असे तिला वाटले.

लॅबवाल्याने एक जुना छोटा काटा दिला, परतीच्या बोलीवर. काचेच्या पार्टिशनमागे मावशीने हात धुतले, जग धुतला, आणि चमचा न घेता काट्यावर वाटी ठेवली. शंभर मिलीला साडेबावीस ग्रॅम. काट्यावरचा आकडा बावीस चारवर थबकला तेव्हा मावशीने पावडरची चिमूट बोटांत धरली आणि श्वास रोखला, जणू फुंकर गेली तर काहीतरी मोडेल.

"आता रोज असंच?" तिने विचारले.

"रोज असंच."

"मग हे आधी का नाही केलं मॅडम?"

अकरा वर्षांत मावशीने तिला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला होता. ग्रॅमबाईने जे होते ते सांगितले. "चालत होतं म्हणून."

साडेपाचला ती बाटली घेऊन वर आली. ड्यूटीवरच्या सिस्टरनी आधी नळीतून साधे पाणी सोडून पाहिले, मग बाटली टांगायला हात पुढे केला. तेवढ्यात ताई उठली आणि मध्ये आली.

"किती ग्रॅम?"

"साडेबावीस. शंभर मिलीला."

"लिहा."

"फाइलमध्ये लिहिलंय ताई."

"फाइल मला दिसत नाही. बाटलीवर लिहा. वजन, वेळ, आणि कोणी मोजलं त्याची सही. आणि उद्यापासून प्रत्येक बाटलीवर. तुम्ही असलात तरी, नसलात तरी. त्याशिवाय मी लावू देणार नाही."

सिस्टरनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. ग्रॅमबाईने त्यांना खुणेने थांबवले. खिशातला मार्कर काढून तिने बाटलीवरच्या चिकटपट्टीवर लिहिले: साडेबावीस ग्रॅम, पाच वाजून दहा मिनिटे. मोजणारीच्या जागी मावशीची सही नव्हती, म्हणून ती परत तळमजल्यावर गेली, मावशीकडून आद्याक्षर घालून घेतले, खाली आपले घातले आणि धापा टाकत वर आली. ताईने चिकटपट्टी वाचली, बोट फिरवून परत वाचली, आणि बाटली स्वतःच्या हाताने सिस्टरना दिली.

चाक किंचित उघडले. काचेच्या बारीक नळकांड्यात पहिला थेंब जमला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. सिस्टरनीसुद्धा, ज्यांना दहा कामे होती.

"बोल रे," ताई म्हणाली.

घड्याळवाल्याची नजर थेंबावरून भिंतीवरच्या मागे पडलेल्या घड्याळावर गेली आणि परत आली. त्याचा एक हात पोटावर होता, जिथे कळ आली तर सगळ्यात आधी त्यालाच कळली असती. ओठ हलत होते. एक मिनिट पूर्ण झाले.

"सहा," तो म्हणाला. "सातवा अर्धा. पडतोय नीट."

"आणि पोट?"

"पोटाला अजून बातमी पोचली नाही. थांब की जरा."

ग्रॅमबाई बेडच्या पायथ्याशी उभी राहिली. घरी जायची वेळ होऊन गेली होती, खाली समितीसाठीचा कागद अर्धा लिहून ठेवलेला होता, आणि उद्याचे नऊ अजून साडेपंधरा तासांवर होते. तिला बसायला कोणी सांगितले नाही. घड्याळवाला पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, आणि या वेळी त्याच्याबरोबर ताईचेही ओठ हलत होते.